सैल दांडीचा चष्मा

३ जानेवारी

धाकट्या,

आशीर्वाद घे. रागावलेल्या माणसालाही आशीर्वाद चालतात आणि ते परत पाठवायची सोय नसते, एवढं एक बरं आहे.

पत्र लिहितेय, कारण फोन करून तुला काय ऐकवणार? मागच्या वेळी भावजयीने फोन तुझ्या कानाला लावला, मी इकडे दहा-पंधरा मिनिटं घसा कोरडा करून बोलले आणि शेवटी तू म्हणालास, "बरं, ठेवतो." एका शब्दाचाही पत्ता नव्हता तुला. नंतर तीच म्हणाली, ताई, ते नुसते फोन धरून उभे होते, तेही मी डोळे वटारले म्हणून. तेव्हा आता कागद. पावणेदोन वर्षांत हे पहिलंच पत्र, हे मला माहीत आहे. टोमणा मारायचा असेल तर मनातल्या मनात मारून घे.

इथलं सगळं तसंच आहे. दवाखान्याच्या खोलीचा पंखा अजून तसाच अडखळत फिरतो. माझे गुडघे कुरकुरतात. निवृत्तीला आठ महिने उरलेत आणि कधी एकदा संपतात असं झालंय. कामगार येतात, कोणाचं बोट चिरलंय, कोणाच्या डोळ्यात कचरा गेलाय. पट्टी बांधते, डोळा धुते, वहीत लिहिते. पलीकडे प्रेसखात्यात पत्रा आत जातो, दणका बसतो, डबा बाहेर येतो. माझ्या टेबलावरचा पाण्याचा पेला प्रत्येक दणक्याला थरथरतो. तुझ्या प्रेसवर आता दुसरा माणूस आहे. त्याने आल्या आल्या विचारलं, इथे आवाज फार आहे का हो? सगळे हसले. मला काही हसू आलं नाही.

परवा एक कॉलेजची मुलगी आली. तिला प्रबंध लिहायचाय. बेकारी, व्यसनं, कुपोषण, म्हाताऱ्यांचे हाल, असे सगळे विषय मैत्रिणींनी आधीच उचलले, म्हणून हिच्या वाट्याला कारखान्याचा आवाज आणि कामगारांचे कान उरले. मॅनेजरने परवानगी दिली, कारण आमचे कागद चांगले आहेत. नावं झाकून आकडे दाखवा म्हणाला. मी नऊ वर्षांच्या कान-तपासणीचे कागद तिच्यापुढे ठेवले. मुलगी बारीक आहे, सारखं पाणी पिते आणि मला मावशी म्हणते.

तू रोपवाटिकेत लागलास असं भावजय म्हणाली. बरं झालं. तिथे आवाज नसतो.

एक सांगायचं होतं. त्या चौकशीत मला जेवढं विचारलं तेवढंच मी सांगितलं. कागदावर होतं ते वाचलं. तुझ्यावर राग धरून किंवा कोणाच्या सांगण्यावरून काही बोलले नाही.

ताई


२१ जानेवारी

धाकट्या,

उत्तर नाही. ठीक आहे, मी तरी कुठे मागितलं होतं. भावजयीला विचारलं तर म्हणाली, वाचतात की नाही माहीत नाही, पण फाडलेलं नाही. तेवढ्यावर हे दुसरं लिहितेय.

त्या मुलीने माझी झोप उडवली आहे. काल ती आकड्यांचा एक मोठा तक्ता घेऊन आली आणि म्हणाली, "मावशी, तुमच्या कारखान्यात काहीतरी चमत्कार आहे. सगळीकडे वय वाढतं तसे माणसाचे कान जातात. तुमच्याकडे ते परत येतात."

मी म्हटलं, बोळे देतो ना आम्ही कानात घालायला. तिने माझ्याकडे पाहिलं. बोळ्यांचा डबा कपाटात वर होता आणि त्याचं सील फोडलेलं नव्हतं. तिने डब्याकडेही पाहिलं. आणि पाणी प्यायली. शहाणी आहे.

मग तपासणी कशी करता ते दाखवा म्हणाली. दाखवली. तुला ती पाठ आहे, पण मला ती तिच्या डोळ्यांनी पहिल्यांदाच दिसली. काचेची खोली, आत खुर्ची. माणूस हेडफोन घालून बसतो, हातात बटण. बाहेर मी यंत्रापाशी. मी बारीक आवाज सोडायचा, त्याला ऐकू आला की त्याने बटण दाबायचं, म्हणजे माझ्या टेबलावरचा दिवा लागतो. हळूहळू आवाज कमी करत जायचा आणि दिवा लागायचा थांबला की तो आकडा लिहायचा. नियमाप्रमाणे खुर्चीचं तोंड भिंतीकडे हवं. पण तशी वळवली तर आमच्या काचेच्या खोलीचं दार लागत नाही. म्हणून पहिल्या दिवसापासून खुर्चीचं तोंड माझ्याकडे.

मुलगी आत जाऊन बसली. मी आवाज सोडू लागले. तिचे कान कोवळे, सगळं ऐकू आलं. बाहेर आली आणि हळूच म्हणाली, "मावशी, तुम्ही आवाज सोडला की दर वेळी चष्मा वर करता."

ते खरं आहे. माझ्या चष्म्याची डावी दांडी सैल आहे. यंत्राचं बटण दाबायला वाकले की तो घसरतो आणि मी बोटाने वर ढकलते. नऊ वर्षं. मी मुद्दाम करत होते असं समजू नकोस. दांडी सैल आहे, चष्मा घसरतो, माणूस तो वर करणारच. त्यात गुन्हा काय?

मी त्या मुलीला सांगितलं की योगायोग असेल. ती म्हणाली, असेल. पण म्हणाली, तुम्ही सांगेपर्यंत मी हे कुठे लिहिणार नाही. म्हणजे तिला योगायोग वाटत नाही.

ताई


९ फेब्रुवारी

धाकट्या,

काल प्रेसवरच्या तुझ्या जोडीदाराकडे जाऊन आले. जायला पाय निघत नव्हता, पण गेले. त्याची खोली तीच, जिन्याखालची. त्याने डाव्या हाताने चहा केला. उजव्या हाताची तीन बोटं नाहीत हे मला माहीतच आहे, पट्ट्या मीच बदलत होते, पण त्या हाताने कपाची बशी तोलताना पाहिलं तेव्हा कुठे बघावं कळेना. तो आता गोदामात आहे, खोक्यांवर चिठ्ठ्या चिकटवतो. म्हणाला, बरं आहे, निवांत आहे. पगार निम्म्यावर आला, ते मात्र बोलला नाही. ते मला वहीवरून ठाऊक आहे.

मी त्याला विचारलं, त्या अपघाताच्या दिवशी नक्की काय झालं? चौकशीत तू म्हणालास की तू "थांब" म्हणून ओरडलास.

तो म्हणाला, "ओरडलो होतो. पण ओरडून उपयोग नाही हे मला माहीत होतं, ताई. आम्ही कधी ओरडायचोच नाही. थांबायचं असलं की कोपराने ढोसायचं, हा आमचा कायदा. त्या दिवशी माझा हात पत्र्याखाली अडकला आणि दुसऱ्या हाताने मी तो ओढत होतो. ढोसायला कोपर मोकळं नव्हतं."

पत्रा तो सरकवणार, पायाने प्रेस तू दाबणार, आणि दोघांमध्ये शब्द नाही, फक्त कोपर. किती वर्षं चाललं होतं हे? सगळ्या खात्यात हेच चालतं म्हणे. तो हसून म्हणाला, मलाही दहातले आठ शब्द ऐकू येत नाहीत, मीसुद्धा तुमच्या चष्म्यावरच पास होत होतो.

तेव्हा आता खरं लिहिते. नाहीतर ही पत्रं पाठवण्यात काही अर्थ नाही.

मला माहीत होतं. पहिली दोन वर्षं नव्हतं, त्याची शपथ घेईन. तिसऱ्या वर्षी आकडे पाहिले आणि मनात आलं, हे जरा जास्तच छान आहेत. त्याच आठवड्यात आपण सगळे माझ्याकडे जेवायला बसलो होतो. भावजय काहीतरी विनोदाचं बोलली, सगळे हसले आणि तू सगळ्यांच्या मागून हसलास, माझ्या तोंडाकडे बघून. घास हातात तसाच राहिला माझा. दुसऱ्या दिवशी तू कामावर जाताना माझ्या दारात थांबलास. आठवतं? म्हणालास, "ताई, त्या काचेत बसलं की कानात एक शिट्टी वाजत असते. ती यंत्राची की माझी, ते मला कळत नाही." आणि पायात चप्पल सरकवत म्हणालास, "चष्मा बदलू नकोस."

मी काय म्हटलं? मी म्हटलं, डबा घेतलास का.

मी विचार केला की तू नापास झालास तर तुला गोदामात टाकतील, निम्म्या पगारावर. तुझ्या मुलीची शाळा, घराचं भाडं, सगळं त्या पगारावर. खात्यातल्या सगळ्यांचंच तसं. मला वाटलं मी सांभाळून घेतेय. तपासणीच्या दिवशी सगळे कसे आदराने बोलायचे माझ्याशी. बाई पाणी देऊ का, बाई खुर्ची सरकवू का. आवडायचं मला ते, खोटं कशाला बोलू. बहिरी होत चाललेली एक्केचाळीस माणसं मी दरवर्षी त्याच दणक्यात परत पाठवत होते आणि वर त्यांच्याकडून मान घेत होते.

आता चौकशीचं. पहिल्या पत्रात लिहिलं की कोणाच्या सांगण्यावरून बोलले नाही. ते खोटं होतं. आत जाण्याआधी मॅनेजरने मला जिन्यात थांबवलं. म्हणाला, कागदात आहे तेवढंच वाचा बाई, नाहीतर सात वर्षांचे सगळे कागद खोटे ठरतील आणि सही तुमची आहे. मी घाबरले. आत जाऊन वाचलं, "दोन्ही कान सामान्य." मग त्यांनी लिहिलं की ज्याला ऐकू येतं त्याने हाक ऐकून दुर्लक्ष केलं, म्हणजे निष्काळजीपणा. तुला काढून टाकलं ते माझ्या तीन शब्दांवर.

आणि सगळ्यात वाईट काय, तर तू समोरच बसला होतास आणि मी काय वाचतेय ते तुला ऐकू येत नव्हतं. तू माझ्याकडे बघून मान डोलावलीस. ताई बोलतेय म्हणजे बरंच बोलत असणार, असं वाटलं असेल तुला. आठ दिवसांनी हातात कागद पडला तेव्हा तुला कळलं. त्यानंतर तू माझ्या दारात आला नाहीस, यात तुझं काही चुकलेलं नाही.

ताई


२ मार्च

धाकट्या,

पुन्हा उत्तर नाही, पण भावजय म्हणते की मागचं पत्र तू दोनदा वाचलंस आणि मग दिवसभर कुंड्या धूत बसलास. वाचतोस हे कळलं, मला पुरे.

आता कामाचं ऐक. त्या मुलीकडून कळलं की चौकशीच्या निकालाविरुद्ध दोन वर्षांच्या आत कामगार कार्यालयात दाद मागता येते. आपली दोन वर्षं या महिन्याच्या एकतीस तारखेला संपतात. निष्काळजीपणाचा डाग पुसला आणि कान कामामुळे गेले हे ठरलं, तर तुला नुकसानभरपाई मिळते, कानाच्या यंत्राचा खर्च मिळतो. ते यंत्र लावलं की माणसाला समोरच्याचं बोलणं पुष्कळ कळतं, मी चौकशी केली आहे.

मी त्या कार्यालयात गेले. तीन खेपा झाल्या. पहिल्या दोन बाकावर बसण्यात गेल्या. तिसऱ्या खेपेला तिथले साहेब भेटले. तरुण आहेत, दातदुखीने गाल धरून बसले होते, पण ऐकून घेतलं. सगळं सांगितलं. ते म्हणाले, तुमच्या भावाची आज तपासणी केली तर आज ऐकू येत नाही एवढं सिद्ध होईल. अपघाताच्या दिवशी येत नव्हतं हे कशावरून? तुमच्याच सहीचे कागद उलट सांगतात. आणि आज तुम्ही ते कागद खोटे म्हणताय, पण तुम्ही सख्खी बहीण. भावासाठी बहीण काहीही बोलेल.

मी मान खाली घातली. दोन वर्षांपूर्वी हीच बहीण भावासाठी काय बोलली, ते त्यांच्यासमोरच्याच कागदात होतं.

मग मी म्हटलं, साहेब, मी तुम्हाला करून दाखवते. यंत्राची वायर काढून तुम्ही हातात घेऊन बसा. तो आत बसेल, मी बाहेर. मग बघा तो बटण दाबतो की नाही. त्यांनी गालावरचा हात काढला आणि तारीख दिली. चौदा मार्च, सकाळी अकरा, आमच्याच दवाखान्यात.

तेव्हा तू यायचंस. यंत्र बंद असणार हे तुला सांगायला नको होतं, पण तुझ्यापासून आणखी काही लपवणं मला आता जमणार नाही. तुला वेगळं काही करायचं नाही. नेहमीसारखा बस. मी चष्मा वर करीन, तू बटण दाब.

माझं काय होईल म्हणून विचारशील, तर काही नाही. फार तर एक खरमरीत पत्र देतील. सहा महिने राहिलेल्या बाईला कोण काय करणार.

ये रे बाबा. माझ्याशी बोलू नकोस हवं तर.

ताई


१४ मार्च, दुपार

धाकट्या,

तू साडेबाराच्या गाडीने गेलास. मी अजून दवाखान्यातच बसले आहे आणि औषधाच्या पाकिटांच्या पाठीवर हे लिहितेय.

वाळलास. राखाडी शर्ट चांगला दिसत होता. नखांत माती होती तुझ्या, ती मी पाहिली. दोन वर्षांनी समोर आलास आणि मला तुझी नखंच दिसली.

तुला आतून काय दिसलं ते तुला माहीत, बाहेर काय झालं ते मी सांगते. साहेबांनी वायर काढून मांडीवर घेतली. मॅनेजर दाराला टेकून उभा होता, हाताची घडी घालून. मी बटणाकडे वाकले, चष्मा वर केला. तू माझ्याकडे पाहिलंस. मला वाटलं आता दिवा लागेल.

आणि तू डोळे मिटलेस.

मी पुन्हा चष्मा वर केला. बारा वेळा केला. मी मोजत होते. तू देवळात बसल्यासारखा डोळे मिटून बसलेला आणि दिवा काही लागेना. मॅनेजर हसला. साहेबांनी वायर परत लावली आणि मला म्हणाले, आता खरी तपासणी करा. मी आवाज सोडला, वाढवत वाढवत शेवटापर्यंत नेला. इतका की काचेबाहेर मलासुद्धा ऐकू येत होता. तुझा अंगठा बटणावर होता आणि तो हलला नाही. साहेबांनी लिहिलं, आज दोन्ही कान निकामी, पूर्वीच्या स्थितीबद्दल पुरावा नाही.

जोडीदाराने मला आत्ता सांगितलं. त्याने तुला कळवलं होतं की खोटे कागद केल्याबद्दल माझी नोकरी जाईल, निवृत्तीचं जे काही आहे ते सगळं जाईल. त्या मेल्याच्या तोंडात तीळ भिजत नाही. तू तिकडून एवढा प्रवास करून आलास तो मला वाचवायला. असा कसा रे तू? मी तुला ज्या खुर्चीत बुडवलं, त्याच खुर्चीत बसून तू माझ्यासाठी डोळे मिटलेस.

जाताना दारात तू मला कोपराने ढोसलंस. बोलला नाहीस, बघितलंही नाहीस, नुसतं कोपर. तुमच्या खात्यात त्याचा अर्थ काय होतो ते आता मला माहीत आहे.

पण मी थांबणार नाही.

ताई


२७ मार्च

धाकट्या,

हे शेवटपर्यंत वाच, मग काय रागवायचं ते रागव.

पंचवीस तारखेला प्रेसखात्याची वर्षाची कान-तपासणी होती. मी साहेबांना आधी जाऊन भेटले आणि म्हटलं, त्या दिवशी येऊन कोपऱ्यात बसा, काही विचारू नका, नुसतं बघा. ते आले. माणसं एकेक करून आत येऊ लागली. नमस्कार बाई, कशा आहात बाई. मी चष्मा घट्ट करून घेतला होता. वाकले तरी तो जागचा हलत नव्हता.

पहिला बसला. मी आवाज सोडला. तो माझ्या तोंडाकडे बघत राहिला. दुसरा, तिसरा, तेच. बटणावर अंगठा ठेवून नुसते माझ्याकडे बघत होते, शाळेत उत्तर न येणाऱ्या मुलासारखे. दुपारपर्यंत अकरा जण झाले, त्यात दिवा लागला तो दोघांचा. बाकीचे बाहेर येताना मान वर करत नव्हते. ते नऊ चेहरे मला मरेपर्यंत पुरतील.

बारावा म्हणजे म्हातारबा. तोच, मिशीवाला, खात्यातला सगळ्यात जुना, निवृत्तीला दीड वर्ष राहिलेला. ऐटीत बसला, हेडफोन नीट केला. मी आवाज सोडला. तो वाट बघतोय. मी पुन्हा सोडला. तो पुढे झुकला आणि ज्यांना स्वतःचा आवाज ऐकू येत नाही ते बोलतात तशा मोठ्या आवाजात काचेतून म्हणाला, "बाई, आज चष्मा वर करत नाही का?"

खोलीभर ऐकू गेलं. साहेबांचं पेन थांबलं. त्यांनी विचारलं, हे काय म्हणाले? मी म्हटलं, तुम्ही ऐकलंत तेच म्हणाले. ते उठले, स्वतःच्या हाताने वायर काढली आणि मला म्हणाले, करा वर.

माझा हात उचलेना. म्हातारबा इतक्या विश्वासाने बघत होता. शेवटी मी बोट नाकाशी नेलं, घट्ट बसलेला चष्मा उगाच वर ढकलला. दिवा लागला. पुन्हा ढकलला, पुन्हा लागला. सहा वेळा. सहाही वेळा म्हातारबाने चोख बटण दाबलं, हसत बाहेर आला आणि मला विचारलं, "झालं ना बाई? पास?"

मी त्याचा हात धरला. दुसरं काय करणार होते?

साहेबांनी सगळं लिहून घेतलं. खाली त्यांची सही, माझी सही. काल तुझा अर्ज दाखल झाला, पाच दिवस हातात राखून. भावजयीच्या पत्त्यावर कागद येईल, त्यावर तू सही कर. निष्काळजीपणाचा शेरा टिकणार नाही असं साहेब म्हणाले. बाकीच्यांना आता गोदामात ढकलता येणार नाही, कारण कान कामात गेले तर ती कामातली इजा, असंही म्हणाले. ते खरं होतं की नाही, बघायचं. मला आता साहेबांच्या बोलण्यावर एकदम विश्वास ठेवायची सवय राहिलेली नाही.

मला कालच घरी बसवलं. खरमरीत पत्र देतील असं मी तुला लिहिलं होतं, ते थाप होती आणि तू ती ओळखलीसच. निवृत्तीचं जाईल बहुतेक. जाऊ दे. खात्यातले चार जण दारावरून जाताना थुंकले. दोन जण आत येऊन बसले आणि चहा पिऊन गेले. मला दोन्ही पटलं. मी फार दमले आहे, धाकट्या. झोपून उठलं तरी दमणूक जात नाही.

एक मात्र सांगते आणि संपवते. चष्मा घट्ट करायला मी चौकातल्या चष्मेवाल्याकडे गेले होते, त्या तपासणीच्या आदल्या दिवशी. त्याने दांडी डोळ्यापाशी नेली, एवढासा पेचकस घेतला, स्क्रू दोनदा फिरवला आणि चष्मा माझ्या हातात दिला. मी म्हटलं, झालं? म्हणाला, झालं. पैसे किती, तर म्हणाला, याचे काय पैसे घ्यायचे, दोन मिनिटांचं काम आहे.

मी तिथेच बाकावर बसले आणि रडले. तो बिचारा घाबरून पाणी घेऊन आला. मी त्याला काय सांगणार होते?

ताई